स्ट्राव्हा, रील आणि आपलं धावणं: गोव्यातल्या धावणाऱ्यांशी बोलायचंय

मांडवीकाठ

पणजीतला कांपालपासून मिरामारपर्यंतचा नदीकाठ रविवारी पहाटे पाहिलात तर गोव्यात धावण्याला केवढे दिवस आलेत ते कळतं. एका रंगाचे टी-शर्ट घातलेले घोळके, मनगटावर घड्याळं, आणि प्रत्येक घोळक्यात एक जण तरी मोबाईल उंच धरून उलटा पळणारा. धाव संपली की सगळ्यांची बोटं एकदम घड्याळाच्या बटणावर जातात. चहा येईस्तोवर स्ट्राव्हावर, म्हणजे धावण्याची नोंद ठेवून ती इतरांना दाखवणाऱ्या ॲपवर, नोंद चढलेली असते, इन्स्टाग्रामवर फोटो गेलेला असतो, आणि ग्रुपवर कोण आलं नाही याची चौकशी सुरू झालेली असते.

मी या सगळ्याच्या बाजूने आहे. दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा चाळिशीतला माणूस पाच वाजता उठून बूट चढवतो आणि त्यामागे शेजाऱ्याचा स्ट्राव्हावरचा फोटो असतो, तर त्या फोटोचे उपकारच मानायला हवेत.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. धाव ॲपवर पोचते ती आकड्यांत: किती किलोमीटर, किती वेळ, पेस किती (एका किलोमीटरला किती मिनिटं लागली). त्या आकड्यांतून आपला गोवा गळून जातो. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की पहाटेसुद्धा हवा इतकी दमट असते की घाम वाळतच नाही. घाम वाळला तरच अंग थंड होतं. नाही वाळला की अंगातली उष्णता बाहेर टाकायला हृदय जास्त रक्त कातडीकडे पाठवतं, पायांच्या वाट्याला कमी उरतं, आणि त्याच पेसला नाडी कितीतरी वर धावते. बेंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, तिथली पहाट गार. तिथला मित्र साडेपाचच्या पेसने आरामात गप्पा मारत जातो आणि इथला त्याच पेसला धापा टाकतो. पडद्यावर दोघांचा आकडा एकच. इथल्याने तो आकडा पाहून स्वतःला कमी लेखायचं, मग दुसऱ्या दिवशी जास्त जोर लावायचा. हे मी आमच्या ग्रुपमध्ये सारखं बघतोय.

स्ट्राव्हा २००९ मध्ये निघालं ते आधी सायकलवाल्यांसाठी. त्यातली सेगमेंटची कल्पना फार जोरकस आहे. रस्त्याचा कोणताही तुकडा कोणीही आखून ठेवायचा, आणि तिथून जो जाईल त्याचा आपोआप क्रम लागणार. म्हणजे तुम्ही एकटे, सहज, कामावर जायच्या आधी पाय मोकळे करायला निघालात तरी तुमची शर्यत लागलेलीच असते. पणजीतल्या आल्तिनो टेकडीचा चढ चढताना समोर कोणी नसतं, पण वर पोचल्यावर कळतं की तुमचा क्रम खाली गेला.

तुम्ही नोंद कशी टाकता, कोणाची बघता, आणि त्याने तुमच्या धावण्यात काय फरक पडला, ते सविस्तर लिहा.

बाणावलीवाळू

वाळूबद्दल मी लिहितो. माझं सगळं धावणं किनाऱ्यावर. वेळसावपासून मोबोरपर्यंत सलग वीसेक किलोमीटर वाळू आहे, असा रस्ता जगात किती जणांच्या नशिबी असतो!

मऊ वाळूत टाच रुतते आणि जमिनीने परत द्यायची उसळी वाळू गिळून टाकते. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये हे मोजलं होतं. वाळूत पळायला कठीण जमिनीच्या सुमारे १.६ पट शक्ती लागते. घड्याळाला यातलं काही कळत नाही. पुण्यातला माझा आतेभाऊ नोंद बघून फोन करतो, "तब्येत बरी आहे ना, पेस पडलाय तुझा." आता मी नोंदीच्या नावातच लिहितो: 'भरती, मऊ वाळू, समोरून वारा'. दोन ओळी लिहिल्या की तोच आकडा वेगळा वाचला जातो.

दुसरी गोष्ट, ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. या सोमवारी सहाला घट्ट ओली वाळू मिळाली, तर पुढच्या सोमवारी त्याच वेळेला पाणी पार वरपर्यंत आलेलं असतं. इंटरनेटवरून उतरवलेलं 'मंगळवारी टेम्पो, गुरुवारी इंटरवल' हे जोरात पळायच्या दिवसांचं वेळापत्रक समुद्राला ठाऊक नसतं. आमच्याकडे वेगाने पळायचे दिवस ओहोटी ठरवते. किनारा पाण्याकडे उतरता असतो, म्हणून एकाच दिशेने लांब गेलात तर एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघ्याला बाहेरून कळ येते. गेलात तसेच त्याच पट्ट्यातून परत या.

वास्को पहाट

नोंदीच्या नावात हवा आणि वाळू लिहायची कल्पना आवडली. आजपासून सुरू.

मडगावफिजिओ

फिजिओथेरपीचं काम करते, त्यामुळे माझ्याकडे येतात ते दुखणं घेऊनच. या विषयावर खूप दिवस लिहायचं होतं.

जानेवारीत आणि शर्यतींच्या आधी ॲपवर 'महिनाभर रोज धावा', 'शंभर दिवस खंड नको' अशी आव्हानं येतात. नवी माणसं हौसेने भाग घेतात. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी धरून दवाखान्यात येतात. याला कारण आहे. दम लवकर सुधारतो, दोन-तीन आठवड्यांत माणसाला आपण बळकट झालोय असं वाटतं. हाडाचं तसं नाही. नवा भार पडला की हाड आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग नवीन भरतं. काढायचं काम आठवड्यांचं, भरायचं काम महिन्यांचं. मधल्या काळात हाड आधीपेक्षाही नाजूक असतं. ३० दिवसांचं आव्हान नेमकं या नाजूक काळावर येऊन पडतं, आणि खंड पडू नये म्हणून माणूस दुखऱ्या पायाने धावतो.

नडगीचं दुखणं लांब पट्ट्यात असेल, धावायला लागल्यावर कमी होत असेल, तर बहुतेक वेळा भार कमी करून भागतं. एका बोटाने दाखवता येईल असं एका जागी दुखत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, त्या पायावर एक उडी मारवत नसेल, तर धावणं त्याच दिवशी थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. हाडाची ती बारीक चीर पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रेवर दिसत नाही. 'एक्स-रे स्वच्छ आला' म्हणून पुन्हा पळू नका.

घड्याळातल्या नाडीबद्दलही लिहिते. मनगटाखालचा हिरवा प्रकाश रक्ताची हालचाल वाचतो. पट्टा सैल असला, हात घामाने निसरडा झाला, की कधीकधी तो नाडीऐवजी पावलांचा ठेका वाचतो. मग आरामात धावताना १७० दिसतात आणि माणूस घाबरतो. 'झोन टू'चे, म्हणजे नाडी कमी ठेवून हळू धावण्याचे, रील बघून लोक २२० वजा वय या हिशेबाने आपली मर्यादा ठरवतात. तो हिशेब सरासरीचा आहे. एकाच वयाच्या दोघांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते बघा. आपल्या दमट हवेत ही कसोटी घड्याळापेक्षा भरवशाची आहे.

आणि मुलींच्या आयांना एक कळकळीची विनंती. रीलमधल्या सडपातळ धावपटू बघून सोळा-सतरा वर्षांच्या मुली जेवण कमी करून धावणं वाढवतात. पाळी चुकायला लागली तर 'व्यायामामुळे होतं' म्हणून सोडून देऊ नका. शरीराला पुरेसं अन्न मिळत नाही याची ती खूण आहे, आणि हाडांची भरती होण्याचं हेच वय असतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या त्रासावर स्वतंत्र मार्गदर्शन दिलंय. मुलांनाही तो होतो. सकाळी धावून आल्यावर पेज, अंडं, पोई-भाजी, काय घरात असेल ते पोटभर खायला हवं.

म्हापशाची धाव

मी रील करतो, तर माझी बाजू मांडतो.

रीलचं गणित पहिल्या दोन सेकंदांत ठरतं. बघणारा थांबला तर ते पुढे जातं, नाही थांबला तर तिथेच मरतं. मी संथपणे आठ किलोमीटर धावलो ते कोणी बघत नाही. सूर्य उगवताना जोरात पळालेले वीस सेकंद लाखभर लोक बघतात. त्यामुळे बघणाऱ्याच्या समोर दिवसभर फक्त जोरात पळणारीच माणसं येतात. चांगला धावपटू आठवड्यातलं बहुतेक धावणं हळू करतो हे त्याला दिसतच नाही. यात कोणी खोटं बोलत नसतं. वीस सेकंद खरेच असतात, उरलेला पाऊण तास कापलेला असतो.

म्हणून मी मुद्दाम हळू धावण्याची मालिका सुरू केली. आमच्याबरोबर साठीचे दोघे काका असतात, त्यांच्या वेगाने सगळे जातात, कॅमेरा त्यांच्याकडे. बघणारे कमी, पण त्यातून प्रत्यक्ष येणारे जास्त. हळदोण्याहून, शिवोलीहून लोक आले. "आम्हालाही जमेल असं वाटलं," हे वाक्य त्यांच्याकडूनच ऐकलं.

पैशांचंही लिहितो. बूट फुकट मिळाले असतील तर ते सांगायला हवं. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्ये नियम केलेत की जाहिरात असेल तर तसं स्पष्ट लिहायचं, आणि २०२३ मध्ये आरोग्यावर सल्ला देणाऱ्यांनी आपलं शिक्षण सांगावं असंही आलं. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांच्या पोस्टवर ते लिहिलेलं असतं का, जरूर बघा. अमेरिकेत 'लिव्हर किंग' म्हणून एक जण कच्चं मांस खाऊन शरीर कमावल्याचं सांगत होता, लाखो लोक मानत होते. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने स्वतःच स्टेरॉइड घेत असल्याचं कबूल केलं. इथल्या जिममध्ये डब्यावर डबे विकत घेणाऱ्या पोरांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

मांडवीकाठ

म्हापशाची धाव, तुमचं 'आम्हालाही जमेल' वाचून एक अभ्यास आठवला. एमआयटीच्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये तो छापला. सुमारे ११ लाख धावणाऱ्यांच्या पाच वर्षांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. प्रश्न असा की मित्र धावतो म्हणून आपण धावतो, की मुळात धावणारेच एकमेकांचे मित्र होतात? हे वेगळं कसं करायचं?

त्यांनी पावसाचा आधार घेतला. एका शहरात पाऊस पडला की तिथला माणूस कमी धावतो. त्याचा मित्र दुसऱ्या शहरात, तिथे लख्ख ऊन. तरीही त्या दिवशी तो कमी धावला, तर कारण पाऊस असू शकत नाही, मित्राची नोंद हेच कारण. आणि तसंच निघालं. मित्र एक किलोमीटर जास्त धावला की माणूस सुमारे तीनशे मीटर जास्त धावतो. माणूस सगळ्यात जास्त ढकलला जातो तो आपल्यापेक्षा कमी धावणाऱ्याकडून. मागचा जवळ येतोय हे बघून.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो तेव्हा मुंबई-पुण्यातल्या मित्रांच्या नोंदीही कमी होतात, सगळ्यांनाच सवलत मिळते. पण चेन्नईत ज्यांचे मित्र आहेत त्यांना जुलैतही टोचणी लागलेली असते, आणि ती मंडळी शेवाळलेल्या रस्त्यावर घसरून पडतात.

मयेतळं

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, दादा. पुरुषांवर बायका आणि पुरुष दोघांच्याही धावण्याचा परिणाम होतो. बायकांवर फक्त बायकांच्या. मला यात जराही नवल वाटलं नाही.

मी डिचोली तालुक्यातली. आमच्या वाड्यावर बाई सकाळी रस्त्याने पळत निघाली तर आधी विचारतात, "कोण आजारी आहे गं?" पळायला काहीतरी कारण लागतं ना. मी सुरुवात केली तेव्हा ट्रॅक पँटवर कुर्ता घालून, अंधारात, मये तळ्याच्या बाजूला. धीर आला तो म्हार्दोळच्या एका बाईच्या नोंदी बघून. ओळख नव्हती. तिचं वय माझ्याएवढं, दोन मुलं, आणि ती सकाळी देवळाच्या रस्त्याने तीन किलोमीटर जाऊन येते एवढंच दिसायचं. पुण्यामुंबईच्या शंभर पुरुषांचे मॅरेथॉनचे फोटो बघून जे झालं नव्हतं ते त्या तीन किलोमीटरांनी झालं. आता आमचा सातजणींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पेस कोणी लिहीत नाही. 'निघाले' आणि 'पोचले' हे दोन शब्द मात्र लिहायचेच, हा नियम.

याला जोडूनच नकाशाचं लिहिते, कारण यावर बायकांनी सुद्धा पुरेसं लक्ष दिलेलं नाही. रोज एका वेळी, एका रस्त्याने, घरापासून घरापर्यंत अशी रेघ जगापुढे ठेवली की तुम्ही कुठे राहता आणि कधी एकट्या असता हे कोणालाही वाचता येतं. स्ट्राव्हाने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरच्या धावण्याचा उजळलेला नकाशा काढला होता. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याने दाखवून दिलं की वाळवंटात मधोमध जे उजेडाचे ठिपके दिसतात ते सैनिकी तळ आहेत, सैनिक तळाभोवती धावतात म्हणून. २०२४ मध्ये फ्रान्सच्या 'ल माँद'ने मोठमोठ्या राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकांच्या नोंदींवरून ते कुठे उतरणार हे शोधून काढलं. ज्यांचं काम सुरक्षा हेच, त्यांच्या हातून हे होतं.

सेटिंगमध्ये जाऊन घराभोवतीचा भाग झाकायची सोय आहे, ती चालू करा. नोंद ओळखीच्यांपुरती ठेवा. धावताना लगेच फोटो टाकू नका, घरी येऊन, अंघोळ-नाश्ता झाल्यावर टाका. मुलीला घड्याळ घेऊन देणाऱ्या वडिलांनी तिच्याबरोबर बसून ही सेटिंग करून द्यावीत.

खाजनवाट

सगळं वाचलं. माझं मत जरा वेगळं.

आम्ही लहानपणी खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याजवळच्या शेतीच्या, बांधावरून शाळेत पळत जायचो, संध्याकाळी शेत कापलेल्या मैदानात काळोख पडेपर्यंत फुटबॉल. कोणी मोजलं नाही. दक्षिण गोव्यातल्या साष्टीत आजही गावोगावी मुलं तशीच खेळतात. पंढरपूरला पायी जाणाऱ्या दिंड्या गोव्यातूनही निघतात, त्यातल्या सत्तरीच्या माणसाला विचारा पेस किती, तो हसेल. चालण्या-पळण्यातला आनंद मोजायला लागलं की त्याची चोपडी होते, दुकानातल्या उधारीसारखी: रोज काल किती राहिलं ते बघायचं. माझ्या पुतण्याच्या घड्याळाची बॅटरी संपली तर तो धावायलाच जात नाही. "नोंद होणार नाही ना काका." घड्याळच नसेल तर पायांचं काही मोलच नाही का?

मला वाटतं आठवड्यातून निदान एकदा तरी घड्याळ घरी ठेवून निघावं. बांधावर सकाळी बगळे असतात, मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, पाणी आत-बाहेर होताना त्याचा आवाज येतो, पाव विकणाऱ्या पोदेराचा पों-पों लांबून ऐकू येतो. कानात हेडफोन घालून, पडद्यावर डोळा ठेवून गेलात तर यातलं काय हाती लागणार?

मयेतळं

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. मैदान तुम्हाला कायमच मोकळं होतं. बांधावरून पळायला तुम्हाला कोणाची परवानगी लागली नाही. माझी आई त्याच बांधावरून डोक्यावर गवताचा भारा घेऊन गेली, ते किती किलोमीटर झालं ते कोणी मोजलं नाही आणि त्याला कोणी व्यायामही म्हटलं नाही. मी केलेलं कुठेतरी लिहिलेलं राहतं, माझ्या नावावर राहतं, हे मला हवंय. घरात कोणी विचारत नाही आज किती धावलीस. ते ॲप विचारतं.

खाजनवाट

तुमचं म्हणणं पटलं, ताई. त्या बाजूने मी विचार केला नव्हता. पुतण्याबद्दलचं मात्र कायम ठेवतो.

फोंडाकाका

वय ६८. धावत नाही, चालतो. मुलाने वाढदिवसाला घड्याळ दिलं. दहा हजार पावलं झाली नाहीत की रात्री ते मनगटावर थरथरतं. बायको म्हणते झोपा आता, आणि मी हॉलमध्ये सोफ्याभोवती फेऱ्या घालत असतो. आमच्या चालण्याच्या ग्रुपमध्ये सगळ्यांची हीच गत. एकाने तर फोन मुलाच्या खिशात टाकून त्याला फुटबॉलला पाठवलं!

मग शोधलं की हा दहा हजाराचा आकडा आला कुठून. १९६४ ला टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानमध्ये चालण्याची हवा आली, आणि १९६५ मध्ये एका घड्याळ कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. आकडा गोल, लक्षात राहणारा. वैद्यकीय संशोधनातून तो निघालेला नाही. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत म्हाताऱ्या बायकांवर मोठा अभ्यास झाला. दिवसाला सुमारे २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी निघालं, आणि साडेसात हजाराच्या पुढे आणखी फायदा दिसला नाही.

माझ्या डॉक्टरांना हे दाखवलं. ते म्हणाले जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला, साखरेला त्याचा उपयोग जास्त. आता घड्याळातलं लक्ष्य सात हजारावर आणलंय आणि दहा वाजता झोपतो.

बांबोळी चढ

शर्यतींचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. ऑक्टोबर २०१९ मध्ये मिरामारला पहिली आयर्नमन ७०.३ ही तीन प्रकारांची सलग शर्यत झाली, १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं. त्यानंतर गोवा म्हणजे सुट्टी आणि शर्यत एकत्र असं देशभर ठरून गेलं. डिसेंबरात चिखलीला रिव्हर मॅरेथॉन असते, तिलाही बाहेरून माणसं येतात. हॉटेलं भरतात, टॅक्सीवाल्यांना धंदा मिळतो, गावातली पोरं पाण्याच्या टेबलावर उभी राहतात. यात वाईट काही नाही.

मला खटकतं ते मेडलच्या फोटोचं दडपण. आजारी असलेला मित्र आपला बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, दुसऱ्याला देतो, 'टायमिंग माझ्या नावावर येईल, फोटो मी टाकीन'. बिबच्या मागे रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर असतो. उन्हाने तो दुसरा कोसळला तर रुग्णवाहिकेतले लोक चुकीच्या घरी फोन करतील आणि चुकीचा रक्तगट वाचतील. ही मैत्री नव्हे, कृपा करून करू नका.

हे वेड आपल्यापुरतं नाही. मेक्सिको सिटीच्या २०२३ च्या मॅरेथॉनमध्ये सुमारे ११ हजार जणांवर मधले टप्पे चुकवल्याचा संशय आला आणि त्यांना बाद करायची पाळी आली. इंडोनेशियात २०२४ मध्ये पैसे घेऊन दुसऱ्याच्या नावावर धावून देणारी पोरं निघाली. गिऱ्हाईक घरी बसलेलं, नोंद त्याच्या खात्यावर.

बुटांचंही तसंच. कार्बनची पट्टी असलेले बूट २०१७ पासून बाजारात आले, जागतिक विक्रम त्यावर झाले, मग ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेला तळव्याची जाडी ४० मिलिमीटरवर बांधून द्यावी लागली. ते बूट सव्वादोन तासांत मॅरेथॉन करणाऱ्यासाठी आहेत. आमच्या ग्रुपमध्ये पहिली पाच किलोमीटर धावणारा मुलगा हप्त्याने ते घेऊन आला. बुटांचा फोटो आधी, धावणं नंतर. त्याच पैशांत चांगले साधे दोन जोड आले असते आणि वर्षभर पुरले असते.

मडगावफिजिओ

बुटांबद्दल शंभर टक्के. कार्बनची पट्टी भार पोटरीकडून काढून दुसरीकडे टाकते, सवय नसताना पावलाच्या हाडांना तो भार झेपेलच असं नाही. आणि बांबोळीकरांनी उन्हाचं लिहिलं म्हणून एक जोडते. शर्यतीत 'सारखं पाणी प्या' असं रीलमध्ये सांगतात. चार-पाच तास हळू चालणारा माणूस प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास साधं पाणी पीत गेला तर रक्तातलं मीठ पातळ होतं, मळमळ, गोंधळ, प्रसंगी जिवावर बेततं. तहान लागेल तेवढं प्या. बाहेरून थंड शहरातून येणाऱ्या मित्रांना सांगा की गोव्याच्या हवेची सवय व्हायला दहा-बारा दिवस लागतात. आदल्या दिवशी विमानातून उतरून आपल्या नेहमीच्या पेसने निघू नका.

पेडणेकडून

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहिते. माझी आई ५६ वर्षांची, रक्तदाबाची गोळी चालू आहे, गुडघे अधूनमधून दुखतात. म्हापशाच्या त्या काकांचे रील बघून तिनेच हट्ट धरलाय की मलाही पळायचं. बाबा म्हणतात या वयात काय. कशी सुरुवात करू? मोरजीचा किनारा जवळ आहे.

मडगावफिजिओ

आधी डॉक्टरांना दाखवून घ्या. रक्तदाबाची गोळी कोणती आहे ते विचारा, काही गोळ्यांनी नाडी मुद्दाम कमी राहते, मग घड्याळाचे आकडे तिच्यासाठी निरुपयोगी. पहिला महिना फक्त चालणं, आठवड्यातून चार-पाच दिवस, बोलता येईल एवढ्याच वेगाने. नंतर दोन मिनिटं चालणं, अर्धा मिनिट हळू पळणं, असं वीस मिनिटं, एक दिवसाआड. गुडघ्यासाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा-दहा वेळा, रोज दोनदा. छातीत दडपण, चक्कर, डावा हात किंवा जबडा दुखणं यातलं काही झालं तर लगेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. बूट संध्याकाळी घ्यायला जा, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात, अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी.

फोंडाकाका

बाबांनाही बरोबर न्या. दोघं चालली तर वर्षभर टिकतं.

बाणावलीवाळू

मोरजीला मऊ वाळूत सुरुवातीला नको, पोटऱ्या भरून येतील. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून ओहोटीच्या तासभर आधी निघा, पाण्याजवळची घट्ट वाळू मिळेल. बूट घालूनच, अनवाणी पहिले दोन महिने नको. पहाटे किनाऱ्यावर कुत्रे टोळीने असतात, हातात छोटी काठी ठेवा आणि त्यांच्याजवळून पळू नका, चाला. नोव्हेंबरपासून तिथे कासवं अंडी घालायला येतात, कुंपण घातलेल्या जागेपासून लांबून जा.

मयेतळं

आणि आईंची नोंद त्यांच्या स्वतःच्या नावाने उघडा, तुमच्या फोनवर नको. मला व्यक्तिगत निरोप करा, आमच्या ग्रुपमध्ये घेऊ. 'निघाले' आणि 'पोचले' एवढंच लिहावं लागतं.